मारुती ८०० ला पुश बटन स्टार्ट घरीच बसवायचंय, वडिलांच्या हातासाठी

पूर्णाकाठ
नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातून लिहितोय. वडील ६८ वर्षांचे, मागच्या पोळ्याला अंगणात पाय घसरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण मनगट पिळत नाही. भाकर मोडता येते, विळा धरता येतो, स्टिअरिंग धरायला काही अडचण नाही, गिअर तर डाव्या हातानंच पडतो. अडतं फक्त चावीपाशी. गाडी २००४ ची मारुती ८००, चावी स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला. सेल्फ मारताना डावा हात स्टिअरिंगच्या मधून घालून चावी पिळतात आणि तेवढ्यानं घामाघूम होतात, ते बघवत नाही. आठवड्यातून दोनदा मोंढ्यात जातात, तेवढीच त्यांची मोकळीक. ती बंद करायची नाही मला.

म्हणून डाव्या हाताला, गिअरच्या पुढं बटन बसवावं म्हणतोय. तीस वर्षं विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचं हिरवं बटन दाबलेला माणूस आहे, त्यांना शिकवावं लागणार नाही. मला मल्टिमीटर वापरता येतो, शेतातला स्टार्टर मीच उघडून दुरुस्त करतो, गाडीच्या वायरिंगला मात्र कधी हात लावलेला नाही. कुणी घरी केलंय का? काय काय सांभाळायचं?

मोंढा_नाका
संभाजीनगरला या, दोन तासात किट बसवून देतात. बटन, रिमोट, सगळं. घरी कशाला उकरत बसता दादा.

शेंद्रा_शिफ्ट
मी ते किट बसवून घेतलेलं आहे, पूर्ण अनुभव सांगतो म्हणजे तुम्हाला ठरवता येईल. गाडी जुनी हॅचबॅक, ऑनलाइन मागवलेलं किट, बसवणाऱ्यानं चावीच्या स्विचच्या मागच्या सगळ्या वायरी तोडून किटच्या डब्यात घेतल्या. पहिले सहा महिने लई भारी. खिशात रिमोट, गाडीजवळ गेलं की लॉक उघडतं, बटन दाबलं की चालू. पोरं खूश, शेजारी बघायला यायचे.

मग एका रविवारी घरच्यांना घेऊन वेरूळला गेलो. परत निघताना गाडी ओळखच देईना. रिमोटमधला सेल बसलेला. किटला म्हणे एक आकडा असतो, बटन ठराविक वेळा दाबून तो टाकायचा म्हणजे गाडी चालू होते, पण तो कागद घरी कपाटात. आणि चावी खिशात असून उपयोग नाही कारण तिच्या वायरीच तोडलेल्या. चार वाजता उन्हात म्हातारी आई, लहान पोरगी, आणि मी दुकानं पालथी घालतोय एका सेलसाठी. मिळाला शेवटी एका घड्याळवाल्याकडं. पण त्या दिवसापासून एक गोष्ट ठरवली, की बटन कितीही चांगलं असू द्या, मूळ चावीनं गाडी चालू झालीच पाहिजे. तिच्या वायरी तोडू देऊ नका.

कडबा_गंजी
यापेक्षा मोठं संकट आमच्या चुलत्याच्या गाडीत झालं. त्यांनी बटन बसवलं आणि चावी काढून घरात ठेवून दिली, आता हिचं काय काम म्हणून. अंगणातच होते म्हणून वाचले. गाडी बटनावर चालू केली, पहिला गिअर टाकला, स्टिअरिंग उजवीकडं घेतलं आणि खट्ट! जाम. स्टिअरिंग तिथंच. गाडी सरळ जाऊन कडब्याच्या गंजीत घुसली. चावी काढली की स्टिअरिंगचं लॉक आत दबा धरून बसतं, चाक थोडं फिरलं की खिळा खाचेत पडतो. इंजिन चालूय का बंद, त्या खिळ्याला काय कळतंय. हेच पाथरी रोडला ऐंशीच्या स्पीडला झालं असतं तर? मला अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

लातूर_वायरिंग
वरच्या दोघांनी खरं दुखणं सांगितलं. मी बावीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतोय, तर जरा सविस्तर लिहितो, वाचायला वेळ काढा.

लोकांना वाटतं चावी म्हणजे एक स्विच. तसं नाही. चावी चार-पाच कामं गुपचूप करत असते. एक, स्टिअरिंगचं लॉक, ते वर आलंच. दोन, टेप-चार्जर वगैरेची लाइन वेगळी, इग्निशनची वेगळी. तीन, सेल्फ मारताना टेपची लाइन ती तेवढ्यापुरती तोडते, म्हणजे बॅटरीचा सगळा जोर सेल्फला मिळतो, पण इग्निशन मात्र चालू ठेवते. घरी वायरिंग करणारे इथं हमखास फसतात, बटन दाबलं की इग्निशनच तुटतं, मग सेल्फ फिरतोय फिरतोय आणि गाडी काही लागत नाही. बटन सोडताना एखादी उचकी देते फक्त. चार, बऱ्याच गाड्यांत एकदा सेल्फ मारला की चावी पूर्ण मागं घेतल्याशिवाय दुसऱ्यांदा सेल्फच्या जागेवर जातच नाही. आपल्याला त्याचा राग येतो, पण ते चालू इंजिनवर सेल्फ बसू नये म्हणून केलेलं असतं. बटनाला ही अक्कल नसते. चालू गाडीत कुणी बटन दाबलं की सेल्फचं छोटं दातेरी चाक इंजिनच्या फिरत्या जड चाकाच्या, फ्लायव्हीलच्या, रिंगवर जाऊन आपटतं. तो करकर आवाज ज्यानं ऐकलाय त्याला विचारा. रिंगचे दाते गेले तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

आणि पाचवं, चावी कुणाच्या खिशात आहे त्यावर गाडी कुणाची हे ठरतं. पोरं खेळता खेळता चावी पिळत नाहीत, बटन मात्र दाबतातच.

तर पूर्णाकाठ दादा, काम अवघड नाही, पण हे सगळं सांभाळून करा.

जालना_स्टील
सोपा उपाय सांगू का? ब्रेक लाइटची वायर घ्या, तिच्यातून बटनाला करंट द्या. म्हणजे ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागणारच नाही. कंपनीच्या गाड्यांत असंच असतं. दहा मिनिटांचं काम.

लातूर_वायरिंग
जालनाकर, थांबा जरा. तुमच्या गाडीची चावी काढा, ब्रेक दाबा आणि मागं जाऊन बघायला सांगा कुणाला. ब्रेक लाइट लागतो की नाही? बहुतेक गाड्यांत चावी नसतानाही लागतो. म्हणजे चावी घरात, कुणीतरी ब्रेकवर पाय ठेवून बटन दाबलं की सेल्फ फिरणार. पाय ब्रेकवर नुसता टेकलेला असला आणि गाडी गिअरमध्ये असली की नुसत्या सेल्फवर ढकलत जाणार, वर स्टिअरिंगला लॉक. कंपनीच्या गाडीत नुसता ब्रेक नसतो, मागं कॉम्प्युटर बसलेला असतो सगळं तपासायला. आणि ८०० ला हातानं गिअर, तिथं ब्रेकपेक्षा क्लच बघायला पाहिजे. क्लच दाबलेला असला तर गिअरमध्ये असली तरी गाडी उडी मारत नाही.

जालना_स्टील
बरोबर आहे तुमचं. आत्ताच खाली जाऊन बघून आलो, चावी नसताना लाइट लागला. माझा सल्ला मागं घेतो, कुणी करू नका.

टाकळीचा_पाटील
बनी तो बनी, नाहीतर परभणी! दादा तुमच्या गावावरच म्हण आहे, घ्या मनावर. बनंलच.

अंबड_दवाखाना
मी डॉक्टर आहे म्हणून हाताबद्दल लिहिते. पुढं हात टेकवून पडल्यावर मनगट मोडतं ते बहुतेक वेळा कोपरापासून अंगठ्याच्या बाजूनं येणाऱ्या हाडाचं, रेडियसचं, खालचं टोक असतं. चावी पिळणं किंवा कुलूप उघडणं हे नुसतं मनगटाचं काम नाही, हाताची दोन हाडं एकमेकांभोवती फिरतात तेव्हा तळहात वर-खाली होतो. जोडताना हाड थोडं आखूड राहिलं किंवा तो सांधा आखडला की पकड येते पण पिळणं येत नाही. काकांचं अगदी तसंच दिसतंय. तरी एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवा, व्यायामानं महिनोन्महिने सुधारणा होत राहते. लाटणं मधोमध उभं धरून, कोपर अंगाला चिकटवून, हळूहळू दोन्ही बाजूला फिरवायचं, हा घरी करायचा साधा व्यायाम, पण आधी त्यांना विचारून.

आणखी एक, अचानक स्टिअरिंग काटायची वेळ आली तर उजवा हात साथ देतो का हे तुम्ही शेजारी बसून मोकळ्या मैदानात तपासा. लायसन्सच्या नूतनीकरणाला चाळिशीनंतर डॉक्टरचा फॉर्म १-अ लागतोच, तेव्हा डॉक्टरांपासून लपवू नका.

जाता जाता, मनगटाच्या एका फ्रॅक्चरला आमच्या पुस्तकात शॉफर्स फ्रॅक्चर म्हणतात, म्हणजे ड्रायव्हरचं फ्रॅक्चर. जुन्या गाड्या हँडल मारून चालू करायचे तेव्हा हँडल उलटं फिरून मनगट मोडायचं, म्हणून ते नाव.

जीपवाले_आबा
डॉक्टर ताईंनी हँडलचं नाव काढलं आणि मला माझे तरुणपणीचे दिवस आठवले. आमच्या वडिलांकडं जीप होती, तिचा सेल्फ पायानं दाबायचा होता. खाली फळीवर एक गुंडी, चावी फिरवून इग्निशन द्यायचं आणि बुटानं गुंडी दाबायची. म्हणजे हे बटन काही नवीन फॅशन नाही बरं का पोरांनो. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा सेल्फ बसला, त्याच्या आधी जगभर बहुतेक सगळे हँडलच मारत होते.

बॅटरी बसली की आम्हीही हँडल मारायचो. वडिलांनी पहिला धडा काय दिला असेल तर अंगठा. हँडलला मूठ मारायची नाही, अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवायचा आणि हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. उलटं फिरलं तर हात आपोआप सुटतो. एका गड्यानं ऐकलं नाही, त्याचा अंगठा शेवटपर्यंत वाकडा राहिला. यंत्राला हात लावायच्या आधी ते उलटं फिरलं तर काय, हे ठरवायचं, असं वडील म्हणायचे.

नियमात_राहा
मला हे काम पसंत नाही, स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर जे लिहिलंय त्यात आणि कंपनीनं बनवलं त्यात फरक पडेल असा बदल मालकानं करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही मूळ बनावटीत बदल नको असंच सांगितलं. उद्या वायरिंग जळून गाडी पेटली तर विमा कंपनी पहिल्यांदा विचारणार की ही जादाची वायर कुणी ओढली.

औंढा_रोड
कायदा तुम्ही बरोबर सांगितला, पण त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल करायची वाट ठेवलेली आहे. २०१९ च्या दुरुस्तीत अ‍ॅडाप्टेड व्हेईकल ही व्याख्या आली ती त्याचसाठी. माझ्या मेव्हण्याच्या गाडीला हातानं चालवायचा ब्रेक आणि रेस बसवलेली आहे, आरटीओत जाऊन रीतसर नोंद केली, विम्यालाही कळवलं. पूर्णाकाठ, एकदा आरटीओत आणि विमावाल्याला विचाराच. विचारायला पैसे पडत नाहीत.

नियमात_राहा
हे चांगलं सांगितलं. रीतसर होत असेल तर माझी हरकत नाही. काकांची मोकळीक राहावी असं मलाही वाटतं.

बीडची_माहेरवाशीण
सगळे वायरीतच अडकलात. मी माझ्या आईचं सांगते. संधिवातानं तिची बोटं वाकडी झाली, घराचं कुलूप उघडता येईना. मपल्या भावानं काय केलं, चावीच्या डोक्याला भोक असतंच, त्यात दोन बोल्ट घालून दोन्ही बाजूनं बाभळीच्या लाकडाच्या टीचभर पट्ट्या आवळल्या. झाली मूठ. आता ती बोटानं पिळत नाही, तळहातानं खाली ढकलते. पट्टी जेवढी लांब तेवढा जोर कमी. आधी हे करून बघा की भाऊ. वायर नाही, फ्यूज नाही, आरटीओ नाही.

पूर्णाकाठ
ताई, तुमचं वाचलं आणि रात्रीच करून बघितलं. बाभूळ नव्हती, जुन्या पाभरीचं एक लाकूड पडलेलं, त्याची पट्टी काढली. मोठ्या पट्टीला गुडघा आडवा येत होता म्हणून चार बोटं लांब ठेवली.

आणि एक गोष्ट लक्षात आली ती सांगतो. ऑनपर्यंत वडील तळहातानं सहज नेतात, तिथं चावी जिथं सोडली तिथं थांबते. पण पुढं स्टार्टला स्प्रिंग आहे, तिच्या विरोधात दाबून धरावं लागतं, गाडी लागेपर्यंत. तेवढं धरणं त्यांना होत नाही, हात थरथरतो, आणि बाहेरच्या अंगाला कोपर दारावर अडकतं. म्हणजे निम्मं काम झालं, निम्मं राहिलं.

तर मनात असं आलं की चावी आहे तशीच ठेवावी, मुठीसकट. स्टिअरिंग लॉक, ऑन-ऑफ सगळं तिच्याकडंच. बटन फक्त शेवटच्या स्टार्टपुरतं. चावीच्या वायरीला समांतर. एकही वायर तोडायची नाही. लातूरचे काका, हे चालंल का?

लातूर_वायरिंग
चालंल का म्हणजे? हेच करायला पाहिजे! ताईंच्या पट्टीनं वाट मोकळी केली बघा. आता नीट ऐका.

चार पायांचा १२ व्होल्टचा रिले घ्या, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच, ३० किंवा ४० अ‍ॅम्पियरचा. पायांवर आकडे असतात. ३० नंबरला बॅटरीवरून जाड वायर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. फ्यूज डॅशबोर्डखाली लावून उपयोग नाही, वायर मधेच घासली तर तिला कोण वाचवणार. ८७ नंबरवरून चावीच्या स्विचमधून सेल्फकडं जाणाऱ्या वायरीला जोड. ती वायर रंगावरून ओळखू नका, आपल्याकडं वीस वर्षांच्या गाडीत किती हात लागलेले असतात देव जाणे. मीटर लावा, जी वायर फक्त स्टार्टला १२ दाखवते आणि ऑनला शून्य, ती तुमची.

८६ ला इग्निशन ऑनची लाइन, बटनामधून. म्हणजे चावी ऑन नसेल तर बटन मेलेलं. ८५ ला अर्थ, पण थेट नाही, क्लचच्या स्विचमधून. ब्रेक लाइटचा असतो तसाच आणखी एक स्विच आणा आणि क्लचच्या पेडलवर बसवा. पेडल वर असताना त्याची दांडी दबलेली राहते, सर्किट तुटलेलं. पेडल खाली गेलं की दांडी सुटते, सर्किट जुळतं. पेडल थोडं हललं की जुळायला नको, पूर्ण खाली गेल्यावरच जुळलं पाहिजे, तशी पट्टी वाकवून जागा साधा.

आणि काम सुरू करायच्या आधी बॅटरीची मायनस काढून ठेवा.

गंजगोलाई
एक भर घालू का? ८५ चा अर्थ इंजिनच्या ऑइल प्रेशरच्या स्विचमधूनही नेता येतो. इंजिन बंद असताना तो अर्थ देतो, चालू झालं की सोडतो. मग चालू गाडीत बटन दाबलं तरी रिले ओढणारच नाही.

लातूर_वायरिंग
डोकं चांगलं लावलंत. पण थंडीच्या दिवसात लांब सेल्फ मारताना डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा बघा, बऱ्याचदा गाडी लागायच्या आधीच विझतो. सेल्फच्या फिरण्यानंच प्रेशर येतं. मग ऐन लागायच्या वेळी तुमचा रिले सुटणार. पूर्णाकाठनं आपल्या गाडीवर बघून मग ठरवावं.

हिंगोली_एक्सप्रेस
रिले कशाला, सरळ बटनामधूनच सेल्फची वायर घेतली तर? एक दुकानदार म्हणला चालतं.

शेंद्रा_शिफ्ट
नाही चालत. आमच्या गल्लीतल्या पोरानं केलं होतं. सोलेनॉइड, म्हणजे सेल्फवरचं विजेचं चुंबक, पहिल्या झटक्याला लई करंट ओढतो, बटनाच्या आतले पॉइंट त्या ठिणगीनं चिकटले. बटन सोडलं तरी सेल्फ फिरतोच, चावी काढली तरी फिरतोच कारण करंट थेट बॅटरीचा. गाडी गिअरमध्ये, धक्के खात खात पुढं सरकायला लागली. त्याला पान्हा सापडेपर्यंत बोनेटमधून धूर. शेवटी वडिलांनी बॅटरीची टर्मिनल नुसत्या हातानं हिसकून काढली, ढिली होती म्हणून निघाली. रिलेच्या कॉइलला अर्धा अ‍ॅम्पियरसुद्धा लागत नाही, बटन जन्मभर टिकतं.

नियमात_राहा
आणि रिलेचे पॉइंटही कधीतरी चिकटू शकतात. म्हणून बॅटरीच्या मायनसला हातानं फिरवून काढता येईल असा कटऑफ स्विच बसवा, आपल्याकडं ट्रॅक्टरला मिळतो तो. काका एकटे असतात गाडीत.

गोठ्यातला_उंदीर
नाव उंदीर असलं तरी मी उंदरांच्या विरोधात लिहितोय. गाडी गोठ्याशेजारी किंवा गोदामापाशी लावत असाल तर नवीन वायर नुसती सोडू नका. आमच्याकडं ऊस तुटला की सगळे उंदीर घराकडं येतात आणि बोनेटमध्ये ऊब बघून बसतात. वायर नळीतून न्या. आणि ती काळी चिकटपट्टी तर अजिबात नको, मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली की गोंद पाघळतो, पट्टी उलगडते, जोड उघडा. गरम केल्यावर आवळते ती नळी घाला प्रत्येक जोडावर.

उदगीर_टू_पुणे
माझी गाडी २०१६ ची आहे, चावीच्या डोक्यात चिप आहे, ती ओळखल्याशिवाय गाडी चालू होत नाही. हेच केलं तर चालेल?

लातूर_वायरिंग
तुमचं बटन नुसतं स्टार्टपुरतं असेल आणि तुमची चावी जागेवर ऑनला असेल तर चिप वाचली जाते, तिथं अडचण नाही. पण तुमच्या गाडीत स्टिअरिंगखाली एअरबॅगच्या पिवळ्या वायरी असतील. त्यांना मीटरसुद्धा लावायचा नाही. तुमचं काम घरी करू नका. आणि चिपला फसवायला दुसरी चावी डॅशबोर्डमध्ये कायमची लपवून ठेवतात काही लोक, तसं कुणी सुचवलं तर तिथून उठा. चोराला चावी आत ठेवून देण्यासारखं आहे ते.

पूर्णाकाठ
मंडळी, झालं! दोन रविवार लागले.

पहिल्या रविवारी नुसतं मोजमाप. मीटरनं सेल्फची वायर शोधली. तिथं कळलं की आधीच्या मालकानं हॉर्नसाठी त्याच गठ्ठ्यात एक वायर पिळून लावलेली, वर चिकटपट्टी, हात लावला की बोटाला काळा गोंद. उंदीर दादा, तुमची आठवण आली. ती आधी नीट केली. बॅटरी १२.५ दाखवत होती, सेल्फ मारताना १०.४ पर्यंत उतरत होती, म्हणजे ठीक. ऑइलचा दिवाही बघितला. गाडी लागू नये म्हणून गाडीतल्या पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढून सात-आठ सेकंद सेल्फ मारला, दिवा विझला. म्हणून ऑइलवालं केलं नाही.

दुसऱ्या रविवारी बसवलं. सगळ्यात जास्त वेळ कशाला गेला तर क्लचच्या स्विचला. पेडलच्या वर, मान वाकडी करून, एका हातात टॉर्च, पाय दाराबाहेर. तीनदा पट्टी वाकवली. पहिल्यांदा पेडल दोन बोटं हललं की टिक वाजायचं, रिलेचा आवाज. शेवटी तळाशी गेल्यावरच टिक, वर येताना लगेच टक. जोडाआधी नुसता तो टिक-टक आवाज मी वीसेक वेळा ऐकला, सेल्फची वायर सुटी ठेवून. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून, क्लच न दाबता बटन. काही नाही. चावी बंद करून, क्लच दाबून, बटन. काही नाही. चावी काढून, काही नाही. तेव्हा कुठं शेवटची वायर लावली. बॅटरीवर कटऑफही बसवला. विमावाल्याला आणि आरटीओला अर्ज दिलाय.

बटन कुठलं म्हणाल तर विहिरीवरच्या जुन्या स्टार्टरचं. हिरवं. वरचा रंग उडालाय, मधोमध वडिलांच्याच अंगठ्यानं झिजून खळगा पडलेला. कडेनं उंच रिंग लावली म्हणजे कोपर लागून दाबलं जाऊ नये. चालू इंजिनवर बटन दाबायचं नाही एवढं तोंडानं सांगितलं, तर म्हणले, चालू मोटारीवर हिरवं कोण दाबतं?

बीडची_माहेरवाशीण
वाचताना डोळ्यात पाणी आलं भाऊ. आणि पट्टी ठेवली ना चावीला?

पूर्णाकाठ
ठेवली ताई, तिच्याशिवाय ऑन होत नाही. तिला खोबरेल चोळून गुळगुळीत केलीय.

अंबड_दवाखाना
आणि लाटण्याचा व्यायाम?

पूर्णाकाठ
फिजिओकडं नेऊन आणलं ताई. रोज सकाळी चहा होईपर्यंत करतात. थोडा फरक आहे, परवा नळ पिळून बंद केला.

जीपवाले_आबा
पहिल्यांदा चालू केली तेव्हा काय म्हणाले वडील?

पूर्णाकाठ
आबा, डाव्या हातानं दाबलं, पहिल्या फटक्यात लागली. हात लगेच काढला, मोटारीसारखाच. मग मिनिटभर इंजिनचा आवाज ऐकत बसले आणि मला म्हणले, "हिरवं बसवलंस, लाल कुठंय?" म्हणलं दादा, लाल म्हणजे चावी. ते उतरले, आणि मागच्या सीटवरचं बाजाराचं पोतं नीट करायला लागले. काल एकटे मोंढ्यात जाऊन आले.